लेकराच्या हातचे काम

कुळगावच्या कोणत्याही आळीत सकाळी सहाच्या सुमारास क्षणभर उभे राहिले, तर एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. बापाला मुंबईची गाडी गाठावयाची असते, म्हणून तो घाईत असतो. आई एका हाताने डबा भरीत असते व दुसऱ्या हाताने शेगडीवरचे दूध सांभाळीत असते. आणि उंबऱ्यावर चारएक वर्षांचे लेकरू बसून आपल्या चपलेचा पट्टा लावण्याचा यत्न करीत असते. पट्टा कडीत जात नाही. ते ओठ घट्ट मिटून पुन्हा यत्न करिते. तिसऱ्या वेळी पट्टा अर्धा आत जातो, इतक्यात आई येते, वाकते, आणि एका झटक्यात पट्टा लावून मोकळी होते. लेकरू मोठ्याने रडू लागते. "अरे, लावून दिला ना? आता रडावयास काय झाले?" असे ती म्हणते, आणि काय झाले ते तिला खरोखरच कळत नाही.

वाचकहो, काय झाले? चप्पल तर पायात आली. वेळही वाचला. तरी लेकरू रडले, ह्यास काही कारण असलेच पाहिजे. ते कारण हे की, त्याचे काम कोणी तरी त्याच्या हातून काढून घेतले. एखाद्या गवंड्याने दिवसभर खपून भिंत उभारावी आणि शेवटचा थर मुकादमाने येऊन लावावा व "ही मी बांधिली" असे म्हणावे, तर त्या गवंड्यास काय वाटेल? लेकरास तेच वाटले. परंतु त्यास ते बोलून दाखविता येत नाही, म्हणून ते रडते. आणि आपण त्यास हट्टी म्हणतो.

तेव्हा प्रश्न असा उत्पन्न होतो: जे काम मुलाला करिता येते, किंवा थोड्या यत्नाने करिता येईल, ते आपण त्याच्यासाठी करून टाकणे ही माया आहे काय? बहुतेकांचे उत्तर तत्काळ येईल की, ही माया नाही तर दुसरे काय? प्रस्तुत लेखकाचेही मत पुष्कळ वर्षे असेच होते. आपल्या मुलीने तांब्या उचलला की तो तिच्या हातातून घ्यावा, तिने भाकरी मोडावयास घेतली की आपण मोडून द्यावी, तिला कोणी नाव विचारिले की तिने तोंड उघडण्यापूर्वी आपणच सांगावे, हा त्याचा परिपाठ होता. मुलगी आठ वर्षांची झाली. एके दिवशी पाहुण्यांनी तिला साधा प्रश्न विचारिला, आणि तिने उत्तर देण्याऐवजी मान वळवून बापाच्या तोंडाकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ कळावयास फार विद्वत्ता नको होती. तिचे उत्तर तिच्याजवळ नव्हते. ते बापाजवळ होते, आणि बापानेच ते तेथे ठेविले होते.

ह्या विषयी जगात ज्यांनी पुष्कळ विचार केला, त्यांत मारिया मॉन्टेसरी ह्या इटालियन बाईंचे नाव अग्रगण्य आहे. त्या वैद्यक शिकलेल्या होत्या. १९०७ साली रोम शहरातील गोरगरिबांच्या वस्तीत त्यांनी लहान मुलांसाठी एक घर उघडले. तेथील एक गोष्ट आपल्या खेड्यांतील आईबापांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. एके दिवशी त्यांनी मुलांस नाक कसे शिंकरावे ह्याचा धडा दिला. हातरुमाल कसा धरावा, आवाज न करिता नाक कसे पुसावे, हे त्यांनी सावकाश करून दाखविले. मुले हसतील असे त्यांस वाटले होते. पण मुले एकाग्र चित्ताने पाहत राहिली, आणि धडा संपताच त्यांनी आनंदाने टाळ्या वाजविल्या. असे का झाले? तर नाकाविषयी त्या मुलांस आजपर्यंत सर्वांनी टोचून बोलले होते, लाजविले होते, जबरीने नाक पुसलेही होते. परंतु ते कसे करावे हे कोणी शांतपणे शिकविले नव्हते. "शेंबडा" हा शब्द आपल्या आळीत दिवसातून कितीदा ऐकू येतो, आणि नाक शिंकरण्याचा धडा कितीदा दिला जातो, ह्याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी हिशेब करावा.

हा विचार आपल्या देशात आला तो काही केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यात राहिला नाही. गुजराथेत भावनगर येथे गिजुभाई बधेका ह्यांनी वकिली सोडून १९२० साली बालमंदिर काढिले. त्यांस पुढे येऊन मिळाल्या त्या आपल्या महाराष्ट्राच्या ताराबाई मोडक. ताराबाईंनी पाहिले की, परदेशातील महाग साहित्य आपल्या खेड्यांस परवडणारे नाही. म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ह्यांनी बिया, शंख-शिंपले, पाने, माती अशा फुकट मिळणाऱ्या वस्तूंतून शिकविण्याचे साहित्य उभे केले. १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी त्यांनी खेड्यातील मुलांसाठी काम आरंभिले, आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या पाड्यांजवळ नेले. हा सर्व मुलूख त्या काळी आपल्याच ठाणे जिल्ह्यात मोडत असे; पालघर जिल्हा निराळा झाला तो २०१४ साली. म्हणजे ही दूरदेशची कथा नव्हे, शेजारची आहे.

अनुताईंचे आयुष्यही विचार करण्यासारखे आहे. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे सारे निर्णय इतरांनी घ्यावयाचे होते. परंतु त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि आपले उरलेले आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांस आपल्या पायांवर उभे राहावयास शिकविण्यात वेचिले.

कोसबाडास आरंभी मुले शाळेत येईनात. कोणी गुरे राखी, कोणी घरचे तान्हे मूल सांभाळी. तेव्हा ह्या दोघी बायांनी मुलांस दोष दिला नाही. शाळाच उठून मुलांकडे गेली. पाड्यावरील अंगणात मुले जमवून प्रथम त्यांचे हात-पाय धुणे, केस विंचरणे, नखे काढणे, मग गाणी, गोष्टी व खेळ असा क्रम सुरू झाला. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरू लागली; तान्ह्या भावंडांसाठी पाळणाघर निघाले, म्हणजे मोठी बहीण शिकावयास मोकळी झाली. अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणजेच अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने बालविकासाची योजना देशभर चालविली, तिच्यातील गावोगावच्या केंद्रांस आज आपण ह्याच नावाने ओळखतो. आपल्या गल्लीतील अंगणवाडीत लेकराला पोचविताना ह्या दोघींची आठवण राहावी.

आता कोणी म्हणेल, "हे शहाण्यांचे बोलणे झाले. आमच्या गरिबांची मुले तर लहानपणापासून कामच करीत आली; त्यांस आणखी काय करावयास सांगता?" हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. काम दोन प्रकारचे असते. एका कामाने मूल वाढते; दुसऱ्याने ते झिजते. मुलाने आपले ताट आपण धुतले तर ते वाढते. नऊ वर्षांच्या मुलीस सकाळपासून रात्रीपर्यंत धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरावे लागले, तर ती झिजते. वीटभट्टीवर मूल विटा वाहते, तेव्हा ते स्वावलंबन शिकत नाही. त्याचे बालपण विकले जात असते. कायद्यानेही चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे गुन्हा ठरविले आहे, आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे: ह्या कामाचा उपयोग मुलाला अधिक होतो की आपल्याला? उत्तर "आपल्याला" असे आले, की थांबावे.

ह्याच खुणेने आणखी एक अन्याय उघड होतो. पुष्कळ घरी सारे काम मुलीवर पडते आणि मुलगा पाण्याचा पेलादेखील जागेवर मागतो. लोक समजतात की नुकसान मुलीचे झाले. दोघांचेही झाले. मुलीचा खेळ व अभ्यास बुडाला. मुलगा पंगू झाला. उद्या तो शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परगावी राहील, तेव्हा त्यास कपडा धुता येणार नाही, भात शिजविता येणार नाही, आणि आपली सेवा करणे हे दुसऱ्याचे कर्तव्यच आहे असे तो आयुष्यभर मानील. म्हणून ताट उचलण्याचा नियम दोघांसही एकच असावा.

तर मग घरी करावे काय? मोठे काही नाही. रोजच्या ज्या गोष्टी आपण करितोच, त्यांतील थोड्या मुलाच्या हाती द्याव्या.

वर्षाच्या आतबाहेरचे मूल भाताचे शीत चिमटीत धरून तोंडाकडे नेऊ लागते. त्याला जवळ बसवून नेऊ द्यावे. सांडेल; पण आपली भूक आपण ओळखण्याचा पहिला पाठ तो हाच. मात्र अख्खे शेंगदाणे, फुटाणे ह्यांसारखे घशात अडकणारे पदार्थ पाच वर्षांच्या आतील मुलास देऊ नयेत, आणि खात असता त्यास एकटे सोडू नये. अलीकडे मोबाईलवर चित्रे दाखवून घास भरविण्याची रीत घरोघर पडली आहे. त्यायोगे ताट रिकामे होते खरे. पण आपण काय खाल्ले व पोट कधी भरले हे मुलास कळत नाही. नाचणीची भाकरी आणि पालेभाजी समोर ठेवावी, सर्वांनी मिळून जेवावे, आणि किती खावे हे त्याने ठरवावे.

जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुण्याची सवय लहानपणीच लागावी. ह्या एका सवयीने अतिसाराची पुष्कळ दुखणी टळतात. परंतु "हात धू" असे ओरडण्याने ती लागत नाही. बादली व साबण मुलाच्या हाताला पोचेल अशा उंचीवर ठेवावा, एकदा आपण सावकाश धुऊन दाखवावे, आणि मग त्याचे त्यास धुऊ द्यावे. कपडे अडकविण्याची खुंटीही त्याच्या उंचीस ठोकावी. एक खुंटी चार हात खाली आणिली की रोजची दहा बोलणी वाचतात.

झोपेविषयीही असेच. सहा ते बारा वर्षांच्या मुलास रात्री ९ ते १२ तास झोप हवी असते. आपल्याकडे बाप रात्रीच्या गाडीने उशिरा येतो, म्हणून मूलही जागे राहते, आणि सकाळी त्यास ओढून उठवावे लागते. जे मूल रोज दुसऱ्याच्या ओढण्याने उठते, त्याचा दिवस दुसऱ्याच्या हातून सुरू होतो. त्यास वेळेवर निजवावे. बापाने सकाळी उठल्यावर दहा मिनिटे त्याच्याशी बोलावे.

वय वाढेल तसे एखादे काम संपूर्णपणे त्याच्या स्वाधीन करावे. तुळशीला किंवा कुंडीतल्या मिरचीच्या रोपाला पाणी घालणे असो, कोंबड्यांना दाणे टाकणे असो, की वाण्याकडून मीठ आणून पैशांचा हिशेब देणे असो. संपूर्णपणे म्हणजे ते विसरले तर आपण गुपचूप करून टाकू नये. रोप सुकेल, मग ते आपणच धावत पाणी घालील. एक रोप सुकले तर घराचे काही बुडत नाही. मात्र कोंबड्यांस उपाशी ठेवू नये. तेथे मुलास हाताशी धरून चूक निस्तरावयास लावावी.

येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे. स्वातंत्र्य म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. आपल्या गावातून लोहमार्ग जातो आणि जवळून उल्हास नदी वाहते. ती २६ जुलै २००५ रोजी कशी कोपली हे येथील वृद्धांस सांगावयास नको; जुलै २०१९ मध्ये बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान आगगाडीच पुराच्या पाण्यात अडकून पडली होती. रूळ ओलांडणे व पुराच्या पाण्यात उतरणे ह्या बाबतींत मुलाच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही. चपलेचा पट्टा चुकला तर पुन्हा लाविता येतो. जेथे चूक पुन्हा सुधारता येत नाही, तेथे वडील माणसाचा हात सुटता कामा नये. आणि मुलाने पुलावरून जावे असे वाटत असेल, तर आपणही घाईच्या वेळी रुळांवरून जाऊ नये.

आता सर्वांत मोठा आक्षेप. "मुलांस असे मोकळे केले, तर ती उद्धट होतील, वडिलांची आज्ञा मोडतील." आज्ञापालन हा सद्गुण आहे, हे कोण नाकारील? आपल्या शब्बाथशाळांत तो शिकविला जातो, आणि शिकविला जावा. परंतु त्या शिकवणीबरोबरच बापांस अशीही ताकीद दिलेली आहे की, त्यांनी आपल्या लेकरांस चिडीस आणू नये, हे आपण विसरतो. शिवाय, ज्या मुलास केवळ "मोठ्यांचे ऐक" एवढेच शिकविले, त्याची गाठ वाईट मोठ्या माणसाशी पडली तर त्याने काय करावे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ह्याच आपल्या गावी एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली, आणि २० ऑगस्ट रोजी संतप्त लोक बदलापूर स्थानकाच्या रुळांवर उतरले; गाड्या कित्येक तास थांबल्या. त्या लेकरांविषयी अधिक लिहिणे उचित नाही. परंतु लोक घरोघर परतले तेव्हा प्रत्येकाने आपल्या मनाशी हे विचारावयास हवे होते: माझ्या मुलाला "नाही" म्हणता येते काय? आणि ते घरी येऊन काही सांगू लागले, तर मी ऐकतो काय? मुलांचे रक्षण करणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे. तो भार लेकराच्या खांद्यावर कधीही टाकू नये, आणि असा प्रसंग आला तर दोष लेकराचा कदापि नसतो. २०१२ च्या कायद्याप्रमाणे ज्यास अशा गुन्ह्याची माहिती कळेल त्याने ती पोलिसांस देणे बंधनकारक आहे. मुलांच्या साहाय्यासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. तथापि हे सर्व पुढचे झाले. त्याच्या आधी लेकराला बोलता आले पाहिजे, आणि बोललेले कोणी ऐकेल असा त्यास भरवसा असला पाहिजे. तो भरवसा संकटाच्या दिवशी उत्पन्न करिता येत नाही. "आज शाळेत काय झाले?" असे विचारून आपण रोज खरोखर ऐकले असेल, "मला काका गालगुच्चे घेतात ते आवडत नाही" असे मुलाने म्हटल्यावर आपण हसण्यावारी नेले नसेल, तरच तो त्या दिवशी असतो.

उद्धटपणा आणि आत्मविश्वास ह्यांतील भेद स्पष्ट आहे. उद्धट मूल दुसऱ्याचे ऐकत नाही, कारण त्याचेही कोणी नीट ऐकिलेले नसते. आत्मविश्वासी मूल ऐकते, विचार करिते, आणि मग करिते किंवा का करीत नाही ते सांगते. त्याने कारण विचारिले तर आपल्या मानास धक्का लागला असे समजू नये. आपली चूक झाली असेल तर "माझे चुकले" असे मुलाजवळ म्हणावे. बाप लहान होत नाही. मूल मात्र त्या दिवशी हे शिकते की, चुकणे हा जगाचा अंत नव्हे.

शाळा चालविणाऱ्या उपदेशक बंधूंस एक विनंती. आपण मुलांस प्रश्न विचारितो, दोन क्षण थांबतो, आणि मग उत्तर आपणच देतो. मुले ते एकसुरात म्हणतात, व धडा उत्तम झाला असे आपणांस वाटते. येत्या रविवारी प्रश्न विचारून मनातल्या मनात दहा अंक मोजावे. ती शांतता असह्य वाटेल. परंतु त्या शांततेतच मागे बसलेले एखादे मूल, ज्याचा आवाज आजवर कोणी ऐकिला नाही, हळूच तोंड उघडील. उत्तर चुकले तरी प्रथम त्यास बोलल्याबद्दल शाबासकी द्यावी.

हे सर्व एका दिवसात व्हावयाचे नाही. घाई आपल्या जिवास लागलेली आहे, गाडी कोणासाठी थांबत नाही, आणि सकाळी सहा वाजता शहाणपण सुचत नाही. म्हणून ह्या आठवड्यात एकच काम निवडावे. चपलेचा पट्टाच घ्या. रात्री निजण्यापूर्वी, गाडीची घाई नसताना, मुलाजवळ बसून तो कसा लावावा हे एकदा सावकाश दाखवावे. सकाळी त्यास पाच मिनिटे आधी उठवावे, आणि आपले हात मागे धरून उभे राहावे. चार दिवस उशीर होईल. पाचव्या दिवशी पट्टा कडीत जाईल, आणि लेकरू वर पाहील. त्या वेळी त्याच्या तोंडावर जे दिसेल, ते आपण त्यास कधीही देऊ शकलो नसतो.

पुढील आठवड्यात पाण्याचा तांब्या द्यावा. पाणी सांडेल. फडके जवळ ठेवावे, आणि तेही त्याच्याच हाती द्यावे.